गाठ दिसली की उपास? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, रक्तातून कॅन्सर ओळखण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की रक्तावर लेझर मारून कॅन्सर ओळखणं हा थेरानोसचाच (थेंबभर रक्तात सगळं तपासतो म्हणणारी ती अमेरिकन कंपनी) पुढचा अंक आहे. आणि मशीनला कॅन्सर दिसतोय की माणूस आजारी आहे एवढंच दिसतंय, याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पहिलं पटलं नाही. दुसऱ्यात मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत.

थेरानोसचं आधी उरकतो. तिथे मशीन कुणाला नीट तपासू न देताच रुग्णांच्या हातात रिपोर्ट ठेवले गेले. २०२२ मध्ये कंपनीची संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरली. इकडे खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र आहे, त्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या सीरमवर (रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव) लेझर मारून होणाऱ्या तपासणीचं, म्हणजे रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं काम झालंय, ते शोधनिबंधांतून छापून आलंय. म्युनिकजवळ गार्खिंगला फेरेन्स क्राउझ (तेच, २०२३ च्या भौतिकीच्या नोबेलचे एक मानकरी) यांचा गट इन्फ्रारेड वापरून असंच काही शोधतोय. चुका काढायच्या तर सगळं समोर आहे.

आता खरा मुद्दा. सीरमवर पडलेला बहुतेक प्रकाश जसा आला तसाच विखुरतो. कोटीत एखादा फोटॉन रंग बदलून निघतो, आणि त्या बदललेल्यांची मोजदाद म्हणजे रामन आलेख. रंग किती बदलला ते आलेखाच्या आडव्या रेषेवर आकड्यांत मांडतात. त्यात १००४ च्या आकड्याजवळ एक टोकदार सुळका दिसतो, तो प्रथिनांतल्या एका घटकाचा, फिनाइलअ‍ॅलानिनचा. पुढे ११५५ आणि १५२० च्या आसपास आणखी दोन, ते कॅरोटिनॉइड्स या रंगद्रव्यांचे. म्हणजे गाजर, पपई, पालक! हे द्रव्य शरीर स्वतः बनवत नाही, खाल्लं तरच रक्तात येतं. तोंडाच्या कॅन्सरच्या किती तरी रुग्णांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. असा माणूस महिनाभर पेज आणि दुधावर काढतो. त्याचे ते दोन सुळके बसले, तर मशीनने गाठ पाहिली की उपास?

म्हणून तुलनेला समोर नुसते धडधाकट लोक ठेवून भागत नाही. गुटख्याने तोंड आखडलेले, पण कॅन्सर नसलेले सबम्यूकस फायब्रोसिसचे रुग्णही हवेत. त्यांच्यातून कॅन्सरवाला वेगळा काढता आला, तर मी टाळ्या वाजवीन.

तुम्ही लिहिलंत, तुमच्या मावशींचं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात पाहतात ते प्रथिन) वाढलेलं निघालं, दोन महिने घरात कुणाला झोप नाही, आणि शेवटी निघाला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ. प्रकाशाच्या चाचणीनेही हेच होऊ शकतं. समजा १० हजार जणांत ५० जणांना कॅन्सर आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे आजारी ओळखण्यात आणि निरोगी ओळखण्यातही, ९० टक्के बरोबर आहे. तिला ४५ रुग्ण सापडतील, पण सोबत ९९५ निरोगी माणसं घाबरतील. त्या ९९५ जणांचं पुढे काय करायचं, हे आधी ठरवल्याशिवाय ही चाचणी सरसकट कुणाला देऊ नये, हे माझंही मत.

‘थेंबभर रक्तात कॅन्सर दिसतो’ हे लेखातलं वाक्य काढून टाकलंय. तिथे गाजराचे दोन सुळके टाकलेत.