डावखुरा आहे, म्हणून गणित सोडायचं?

गेल्या रविवारी कळव्याला भावाकडे गेले होते. भाचा डावखुरा, चौथीत आहे, स्कॉलरशिपची तयारी चालू आहे, म्हणून त्याला अपूर्णांकांची चार गणितं घातली. त्याने एकही न सोडवता पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "आत्या, मी राइट ब्रेनवाला आहे. मला मॅथ्स नाही जमणार. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

रिपोर्ट म्हणजे बत्तीस पानांची गुळगुळीत फाईल, एकाच बाजूला छापलेली. घोडबंदर रोडवरच्या एका क्लासने त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन ती काढून दिली. साडेचार हजार रुपये. आणि माझी भावजय तिथे पोचली ती आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. तो मीही पाहिला होता आणि नेहमीसारखा न वाचता पुढे सरकवला होता. ती चूक माझी.

मेसेज थोडक्यात असा: माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो. डावा मेंदू तर्काचा, उजवा कलेचा, आणि प्रत्येक मूल कुठल्या तरी एका बाजूचं असतं. डावखुरी मुलं उजव्या मेंदूची, त्यांच्यामागे गणिताचा लकडा लावू नका. दहा बोटांच्या ठशांत मेंदूच्या दहा लोबची, म्हणजे भागांची, माहिती असते. मिडब्रेन, म्हणजे मेंदूचा मधला भाग, 'ॲक्टिव्हेट' केला की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं. शेवटी 'अमेरिकेत सिद्ध झालंय' आणि दोन हात जोडलेले.

मी ठाण्यातच अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. वर्तनाचा जैविक पाया हा धडा दरवर्षी घेते आणि दरवर्षी वर्गातले निम्मे हात याच समजुती घेऊन वर येतात. पण सोळा वर्षांच्या मुलीने 'मॅम, मी राइट ब्रेन आहे' म्हणणं वेगळं आणि नऊ वर्षांच्या पोराने पेन्सिल खाली ठेवणं वेगळं. म्हणून डाव्या-उजव्यापासूनच सुरुवात करते.

यात अर्धं खरं आहे, तेही मीच शिकवते, त्यामुळे नाकारता येत नाही. मेंदूचा डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा डावी. बोलण्याचं काम बहुतेकांमध्ये डावीकडे असतं, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने 1861 पासून दाखवायला सुरुवात केली. पुढे रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा या अमेरिकन संशोधकांनी असे रुग्ण अभ्यासले, ज्यांच्या फिट्स कशानेच थांबत नव्हत्या म्हणून दोन अर्धगोलांना जोडणारा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, शस्त्रक्रियेत कापलेला होता. अशा माणसाच्या नजरेच्या डाव्या बाजूला 'चमचा' हा शब्द क्षणभर दाखवला तर तो सांगायचा, काही दिसलं नाही. आणि त्याचा डावा हात पडद्यामागे चाचपून नेमका चमचा उचलायचा! उजव्या अर्धगोलाने शब्द पाहिला होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. या कामासाठी स्पेरीला 1981 चं नोबेल मिळालं.

आता मेसेजवाल्यांनी काय केलं? पट्टा कापलेल्या मोजक्या रुग्णांवरचं निरीक्षण उचललं आणि ज्यांचा पट्टा शाबूत आहे अशा जगातल्या सगळ्या मुलांना लावलं. तुमच्या-माझ्या डोक्यात तो पट्टा जागेवर आहे. त्यात वीस कोटींच्या आसपास तंतू आहेत आणि त्यांतून दोन्ही बाजू अखंड एकमेकींशी बोलत असतात. एखादं काम एका बाजूला जास्त होतं, हे खरं. म्हणून आख्खा माणूस त्या बाजूचा होत नाही. ठाण्याहून सकाळी कुणी बहुतेकदा एक नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडी पकडतो, तरी म्हणून तो 'एक नंबरवाला माणूस' ठरत नाही.

आणि 'अमेरिकेत सिद्ध झालंय' म्हणता ना? झालंय, पण उलट. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली 7 ते 29 वर्षांच्या 1,011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूचे सात हजारांहून जास्त भाग पाडले आणि कुठला भाग कुणाशी जोडीने काम करतो ते पाहिलं. काही जोडण्या डावीकडे घट्ट निघाल्या, काही उजवीकडे. पण ज्याचं आख्खं डावं जाळं किंवा आख्खं उजवं जाळं वरचढ आहे असा माणसांचा वेगळा गट काही सापडला नाही. हजार जणांच्या मेंदूत न दिसलेली गोष्ट घोडबंदर रोडवर शाईच्या पॅडमध्ये दिसली, असं आपण मानायचं.

डावखुरेपणाचं तर विचारूच नका. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो, आणि डावखुऱ्यांपैकीही दहातल्या सात जणांचं भाषेचं केंद्र डावीकडेच असतं. म्हणजे 'डावा हात म्हणून उजवा मेंदू' हे पहिल्या पायरीलाच घसरतं. गणित कुठल्या एका बाजूला बसलेलंही नाही. कुठला ढीग मोठा, कुठली संख्या जवळची, हे जोखताना दोन्हीकडचे पॅरायटल लोब, म्हणजे मेंदूचे वरचे-मागचे भाग, कामाला लागतात. पाढे मात्र आपण पाठ केलेल्या श्लोकासारखे म्हणतो, तिथे भाषेचा भाग जास्त लागतो. काही मुलांचा आजार इतका गंभीर असतो की मेंदूचा एक आख्खा अर्धगोल काढावा किंवा बाकी मेंदूपासून तोडावा लागतो. एका हातात अशक्तपणा राहतो, नजरेची एक बाजू जाते. तरी त्यांतली बरीच मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. अर्ध्या मेंदूवर मूल शिकू शकतं आणि आमचा पोरगा पूर्ण मेंदू घेऊन बसलाय तर त्याला सांगायचं, तुला जमणार नाही?

आता बोटांचे ठसे. इथे मला राग कमी आणि हसू जास्त येतं.

मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलाला पाठ्यपुस्तकात चार लोब असतात: फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल. दोन्हीकडचे मिळून आठ. बोटं दहा. मग काय करायचं? फ्रंटलचे दोन तुकडे करायचे, दोन्हीकडे. झाले दहा! भाच्याच्या फाईलमध्ये हे रंगीत चित्रासह आहे. माणसाला बारा बोटं असती तर लोबही बारा निघाले असते.

ते लोक सांगतात की त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरापासून बनतात. बरोबर आहे, बनतात. दातांचं एनॅमलही त्याच थरापासून बनतं. मग दाढ बघून पोराची अक्कल सांगा. काही जन्मजात आजारांत, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोममध्ये, तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसू शकतात, हेही खरं, आणि डॉक्टर त्याकडे बघतातही. पण तिथून निरोगी मुलाच्या गणितापर्यंत रस्ता जात नाही. ठशांच्या रेघा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटायला लागतात, आणि त्या घडीला बोटाची उशी किती फुगलेली, त्वचेवर कुठून ताण, यावर त्यांचा तपशील ठरतो. म्हणून तर एकसारख्या जुळ्यांचे ठसेही जुळत नाहीत, जनुकं जवळपास तीच असून.

1897 साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली ती जगातली पहिली मानतात. गुन्हेगार ओळखायला. ठसा जन्मभर तसाच राहतो, एवढ्याच गुणावर ते काम चालतं. मेंदूचं अगदी उलट. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा तर हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तिथल्या संशोधकांनी शिकाऊ चालकांचे मेंदू आधी आणि काही वर्षांनी पुन्हा स्कॅन केले, तर जे परीक्षा पास झाले त्यांच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि रस्ते सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग वाढलेला होता. नापास झालेल्यांचा नाही. मोठ्या माणसांची ही गोष्ट आहे. आमचा तर नऊ वर्षांचा आहे.

दहा टक्क्यांच्या थापेला दोनच ओळी. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्के खातो, आणि नव्वद टक्के जागा रिकामी असती तर मेंदूचा झटका आलेल्या दहापैकी नऊ जणांना काहीच झालं नसतं. ज्यांच्या घरात पॅरालिसिसचा पेशंट आहे त्यांना विचारा.

मिडब्रेन सुमारे दोन सेंटिमीटरचा, आणि तो जन्मापासून चालूच असतो. अंधाऱ्या खोलीत मुलाच्या डोळ्यावर टॉर्च मारा, बाहुली आक्रसते ना? त्या हालचालीचा रस्ता मिडब्रेनमधूनच जातो. झाली तपासणी, फुकट. तो खरोखर बंद पडला तर मूल क्लासच्या पट्टी बांधून वाचायच्या डेमोत नाही, आयसीयूत असेल. डेमोचं रहस्य भाच्यानेच ओढणी बांधून दाखवलं: "नाकाच्या बाजूने खालून दिसतं ना, आत्या." पुस्तक कपाळासमोर धरलं की सगळी विद्या गायब. तिथल्या मुलांनाही हे माहीत असतं. टाळ्या वाजवणाऱ्या आईबापांसमोर ती सांगणार कशी?

भावजयीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "पण ताई, त्यांनी सांगितलेलं बरंचसं जुळलं हो. चंचल आहे, चित्रं आवडतात, ओरडलं की रुसतो." मी म्हटलं, हे वाक्य घेऊन तुमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाच्या आईकडे जा. माझा भाऊ चाळीस वर्षांचा आहे, त्यालाही लागू पडतं.

पैसे परत मिळणार नाहीत, क्लासवाल्यांनी आधीच कळवलंय. येत्या रविवारी परत कळव्याला जातेय. बत्तीस पानं एका बाजूने कोरी आहेत, कागद चांगला जाड आहे. समच्छेद अपूर्णांक, भिन्नच्छेद अपूर्णांक आणि छेद समान करणं, एवढं त्यात बसेल.