फॉरमॅट मारलाच, पण फोटो काढून घेतल्यावर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सेलूच्या मित्राचा व्हायरसने बंद पाडलेला कॉम्प्युटर विंडोजच्या सीडीशिवाय कसा चालू केला, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, सीडी नाही म्हणजे विंडोज चोरीची, आणि अशा मशीनला ठिगळं लावत बसण्यापेक्षा सरळ फॉरमॅट मारायला, म्हणजे ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायला हवी होती. पहिलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. दुसऱ्यातलं बरंच पटलं, आणि त्यात माझ्या हातून एक गोष्ट लिहायची राहिली, तीही खाली सांगतो.

मित्राच्या कॅबिनेटवर मायक्रोसॉफ्टचा स्टिकर आहे, त्यावर २५ अक्षरांची 'प्रॉडक्ट की' आहे, म्हणजे विंडोज टाकताना लागणारा परवान्याचा क्रमांक. मशीन घेतलं तेव्हा विंडोज एक्सपीचे वेगळे पैसे मोजले होते. सीडी मात्र दुकानदाराने दिली नाही. "काही झालं तर मशीनच घेऊन या" म्हणाला. आपल्याकडे तेव्हा तालुक्याच्या गावी मशीन घेतलेल्या कुणालाही विचारा, मॉनिटरचं खोकं घरात माळ्यावर असायचं आणि सीडी दुकानातच राहिलेली असायची. गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दारात यावं, एवढाच त्यामागचा हिशेब. पैसे भरलेल्या माणसाला चोर म्हणू नका, एवढी विनंती.

चोरीच्या विंडोजबद्दलचा तुमचा राग मात्र खरा आहे, आणि त्या चोरीचं नुकसान माझ्या मित्राला विकतची विंडोज असूनही भोगावं लागलं. मशीन लावून देणारे लोक तेव्हा सवयीने ऑटोमॅटिक अपडेट बंद करून ठेवायचे, कारण चोरीची प्रत असली की अपडेटनंतर 'ही प्रत अस्सल नाही' अशी पाटी यायची. याच्या मशीनवरही ते बंदच होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता एक तातडीची दुरुस्ती सोडली होती, आणि पुढच्याच महिन्यात त्याच फटीतून कॉन्फिकर नावाचा व्हायरस शिरू लागला. २०१० च्या मे महिन्यात मी त्याच्या दुकानात बसलो, तेव्हाही ती दुरुस्ती त्या मशीनवर नव्हती.

आता फॉरमॅटचं. त्याचं दुकान म्हणजे लग्नाच्या पत्रिका आणि फोटो. भर लग्नसराई. दिवसभरात पंधरा-वीस पेन ड्राइव्ह यायचे, प्रत्येकात ऑटोरनची फाइल, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम चालू करणारी, असायचीच असायची. त्याचा फोन आला तो असा: "पासवर्ड टाकायलो की परत भाईर फेकायलंय बघ. लई बेकार झालंय. ये की गड्या."

जाऊन पाहिलं तर तसंच. नावावर क्लिक करायचं, 'सेटिंग्ज लोड होत आहेत' दिसायचं आणि पापणी लवायच्या आत 'सेटिंग्ज सेव्ह होत आहेत' येऊन पुन्हा तीच नाव निवडायची निळी स्क्रीन. सेफ मोडमध्येही तेच. हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल, विंडोज मेलेली नसते. लॉगिन झाल्यावर 'युजरइनिट' नावाचा एक छोटा प्रोग्राम चालतो, तो डेस्कटॉप उभा करतो. त्याला व्हायरस लागला होता आणि अँटिव्हायरसने व्हायरससकट तो प्रोग्रामच पुसून टाकला. विंडोजने तेव्हा सीडी मागितली होती, याने कॅन्सल दाबलं. सीडी असती तर दाबलं नसतं.

माझ्याकडे उबंटूची, म्हणजे विंडोजऐवजी सीडीवरूनच चालणाऱ्या एका मोफत सिस्टिमची सीडी होती, ती तेव्हा मागितली की पोस्टाने घरपोच फुकट यायची. तिच्यावरून मशीन चालू केलं, म्हणजे हार्ड डिस्कवरची विंडोज झोपलेलीच राहते आणि तिच्यातले व्हायरसही. आधी कशालाच हात लावला नाही. शेजारच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून यूएसबी हार्ड डिस्क आणली आणि फोटो, पत्रिकांच्या फाइली, फॉन्ट असं ३८ जीबी काढून घेतलं. एकही एक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल घेतली नाही, व्हायरस त्यातूनच येतो. दीड तास लागला. मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टरने धरून ठेवलं. त्या दीड तासात मित्र खुर्चीवरून उठला नाही. सात लग्नांचे फोटो होते, त्यातले दोन अल्बम अजून छापायचे होते. एका नवरीचे वडील लग्नानंतर आठच दिवसांत वारले होते, त्यांचे शेवटचे फोटो त्याच डिस्कवर होते. कॉपीची पट्टी त्या फोल्डरवर आली, तेव्हा त्याने माझा हात धरला.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे मशीन दुकानात नेलं असतं तर 'सी' ड्राइव्ह कोरा झाला असता. आणि हे सगळं 'सी'मध्येच होतं, डेस्कटॉपवर. आपल्याकडे निम्म्या दुकानांत हीच तऱ्हा आहे, काम डेस्कटॉपवर ठेवायचं आणि दुरुस्तीवाल्याने न विचारता फॉरमॅट मारायचा. माझा राग त्या 'न विचारता'वर आहे.

फोटो निघाल्यावर मग दुरुस्ती. युजरइनिटची फाइल मी कुठल्याही साइटवरून उतरवली नाही, दुसऱ्याच्या मशीनवरूनही आणली नाही. एक्सपीवर नंतर सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा) टाकलेला असेल, तर विंडोज फोल्डरात 'सर्व्हिसपॅकफाइल्स' आणि त्यात 'आय३८६' नावाचा फोल्डर राहतो. युजरइनिटची मूळ प्रत तिथे होती, जेमतेम २५-२६ केबीची. ती उचलून विंडोजच्याच 'सिस्टिम३२' फोल्डरात, तिच्या मूळ जागी ठेवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. डेस्कटॉप आला. मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लॉगिनच्या 'विनलॉगॉन' नोंदीखाली पाहिलं. तिथे युजरइनिटचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम असतो, तिथेच संपायला हवं. याच्याकडे स्वल्पविरामानंतर आणखी एक एक्सई लिहिलेली होती. व्हायरसने आपलं नाव तिथे लावून ठेवलं होतं. ते खोडलं.

आता राहून गेलेली गोष्ट. मी लेख इथेच संपवला, त्यामुळे मशीन साफ झालं असं वाचणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. सॅलिटी किंवा विरुटसारखा व्हायरस एकेका एक्सई फाइलमध्ये स्वतःला चिकटवत जातो. एक फाइल बदलून तो जात नाही, आणि साफ झालंय यावर भरवसाही ठेवता येत नाही. तिथे फॉरमॅटच, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तोवर त्या मशीनवरून बँकेचा पासवर्ड टाकायचा नाही, आणि आधी टाकलेला असेल तर दुसऱ्या मशीनवर बसून बदलायचा. हे मी मित्राला तोंडी सांगितलं होतं, लेखात लिहिलं नाही. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

आम्ही फॉरमॅट मारलाच. तिथी संपल्यावर, जूनमध्ये, अल्बम गिऱ्हाइकांच्या हातात गेल्यावर. परभणीच्या एका ओळखीच्याकडून ओईएम सीडी (नव्या मशीनसोबत मिळणारी विंडोजची सीडी) दोन दिवसांसाठी आणली, प्रॉडक्ट की मात्र मित्राच्याच स्टिकरवरची टाकली. ऑटोमॅटिक अपडेट चालू केले, पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि रोजच्या कामासाठी मर्यादित हक्काचं वेगळं खातं काढून दिलं. डेस्कटॉप आता रिकामा आहे, फोटो 'डी'मध्ये आणि दर रविवारी यूएसबी हार्ड डिस्कवर. ती त्याने स्वतःची घेतली.

व्हायरसच्या प्रकाराचा आणि पासवर्डचा मजकूर आज मूळ लेखात सुरुवातीलाच घातला आहे. सवडीने पाहा, आणखी काही चुकीचं दिसलं तर हक्काने सांगा.