फट ठेवली म्हणून हवा खेळत नाही

ऑफिसांच्या टॉयलेटबद्दलचा एक मेसेज इंटिरिअरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरत असतो. म्हणणं असं: क्यूबिकलच्या पार्टिशनला खाली अर्धा फूट आणि वर मोकळी जागा हवीच. फुल हाइट, म्हणजे जमिनीपासून सिलिंगपर्यंत, केलं की हवा कोंडते, आत कोणी कोसळलं तर पत्ता लागत नाही, धुणं अवघड जातं, खर्च वाढतो, फायरवाले अडवतात. शिवाय 'अमेरिकेत असंच असतं' हा दाखला. पाचपैकी एकच मुद्दा खरोखर अडवणारा आहे. तो शेवटी घेते.

हवा काढायचं काम एक्झॉस्ट पंख्याचं, फटीचं नाही. लोअर परळ-अंधेरीच्या कितीतरी ऑफिसांत तो पंखा बेसिनच्या वर असतो, कारण तिथून डक्ट, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी, जवळ पडतो. तो पॅसेजची हवा ओढतो. कमोडजवळची जागच्या जागी. फटीमुळे फार तर वास बेसिनपर्यंत येतो. प्रत्येक क्यूबिकलमध्ये कमोडच्या वर एक्झॉस्टचं एक ग्रिल (हवा ओढणारी जाळी) आणि दाराखाली १५-२० मिमी जागा दिली की हवा खालून शिरून वरून जाते. ड्रॉइंगमध्ये ग्रिल चार असतात. खर्च कापायच्या मीटिंगनंतर एक उरतं.

कोसळलेल्याचे पाय फटीतून दिसतात, कबूल. पुढे काय? १५० मिमीच्या फटीतून माणूस बाहेर ओढता येत नाही. दार आत उघडणारं असेल आणि तो दारालाच टेकून पडला असेल तर फट असूनही दार हलत नाही. तिथे लागतं बाहेरून नाण्याने फिरवता येणारं लाल-हिरवं लॅच (कडी), आणि बाहेर उघडणारं किंवा बिजागरीवरून उचलून काढता येणारं दार. मोबाइल मात्र त्या फटीतून आरामात आत सरकतो. बाईचं असं चोरून चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि ती फट ड्रॉइंगमध्ये आपणच काढलेली असते.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथल्या अपंगांसाठीच्या मानकांत व्हीलचेअरच्या क्यूबिकलला पार्टिशनखाली ९ इंच मागितले आहेत, तेही व्हीलचेअर वळवताना पाय खालून जायला. क्यूबिकल पुरेसं मोठं असेल तर ती अट लागूच होत नाही.

धुण्याचा मुद्दा मुंबईत तरी काढू नये. आपली टॉयलेटं ओली. शेजारी कोणी जेट स्प्रे मारला की पाणी पार्टिशनखालून इकडे येतं, सलवारीच्या काठाला नाहीतर खाली ठेवलेल्या पिशवीला लागतं. पार्टिशनच्या पायांभोवती काळा थर धरतो. तो पाइप मारून जात नाही, ब्रश घेऊन बसावं लागतं. फुल हाइटला प्रत्येक क्यूबिकलचा स्वतःचा नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) आणि त्याकडे उतार हवा, आणि तो वॉटरप्रूफिंगच्या वेळीच ठरवायला हवा. विसरलात की पाणी तुंबतं आणि खापर पार्टिशनवर फुटतं. तळाला ग्रॅनाइटची पट्टी, वर १२ मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेट, म्हणजे पाणी न पिणारा घट्ट बोर्ड. प्लाय नको, कडेतून पाणी पिऊन फुगतो. हाउसकीपिंगच्या बायकांना एकेक दार उघडून धुवावं लागतं, वेळ थोडा जास्त जातो, हे खरं.

खर्च वाढतो, पण बोर्डाचा फारसा नाही. ८ बाय ४ च्या शीटमधून साडेसहा फुटांचं दार कापलं की उरलेला दीड फूट बहुधा भंगारातच जातो. पैसे लागतात ते ग्रिल, ट्रॅप आणि दिव्यांना.

आता फायर, तो खरा मुद्दा. पार्टिशन सिलिंगला भिडलं की एका स्प्रिंकलरचं (आग लागली की सिलिंगमधून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचं) पाणी शेजारच्या क्यूबिकलमध्ये पोचत नाही, प्रत्येकाला वेगळं हेड, म्हणजे फवारा, लागतं. भाड्याच्या मजल्यावर बिल्डिंगवाले स्प्रिंकलर लाइनला हात लावू देत नसतील, तर मी खालून बंद आणि वर दीड फूट मोकळं असं काढते. ९ फुटांच्या सिलिंगला पार्टिशन साडेसात फुटांचं होतं. कमोडवर चढल्याशिवाय कोणी डोकावू शकत नाही. सिलिंग ८ फुटांवर आलं असेल तर हे बसत नाही. तिथे हेड वाढवायचेच, आणि त्या ड्रॉइंगवर फायर कन्सल्टंटची सही टाइलवाला साइटवर यायच्या आधी घ्यायची.