तिमाही काढायचा तो फॉर्म्युला चुकीचा आहे, सोसायटीच्या हिशोबात लावू नका

आठवडाभर आमच्या ठाण्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "एक्सेलमध्ये तारखेवरून क्वार्टर काढायचा सोप्पा उपाय, महिन्याला ३ ने भागा आणि राउंड करा, कॅलेंडर इयर असो की फायनान्शियल, चालतंच. तारीख कशीही टाइप करा, रिकाम्या ओळी असल्या तरी बिनधास्त खाली ओढा." माझे बाबा कोपरीत आमच्या सोसायटीचे खजिनदार, त्यांनी विश्वासाने हे मेंटेनन्सच्या शीटला लावलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पहिल्या तिमाहीची थकबाकी निघाली, वर व्याज. काकूंनी १२ मेला चेक दिलाय. त्या पावती घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

आधी ते राउंड. जानेवारी म्हणजे १, भागिले ३ म्हणजे ०.३३, राउंड केलं की शून्य. शून्य नंबरची तिमाही कुठली आणली? एप्रिलचे १.३३, त्याचा १ होतो आणि मेच्या १.६७ चा २, म्हणजे एकाच तिमाहीतले महिने दोन ठिकाणी. आणि चूक पटकन सापडत नाही कारण एप्रिलला १, जुलैला २, ऑक्टोबरला ३ हे आर्थिक वर्षाशी निव्वळ योगायोगाने जुळतं, आणि आमची बिलं निघतात नेमकी त्याच महिन्यांत. बाबांनी एप्रिलच्या चार ओळी तपासल्या, सगळीकडे १, झालं समाधान. काकूंचा मेचा चेक दुसऱ्या तिमाहीत जाऊन बसला.

३ ने भागायचं डोकं बरोबर आहे, तेवढं मान्य. राउंडच्या जागी राउंडअप, म्हणजे नेहमी वरच्या पूर्ण आकड्याला नेणारं, घातलं की कॅलेंडरची तिमाही चोख येते. पण फायनान्शियललाही तेच चालतं हे साफ खोटं. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापलेल्या कराचं, रिटर्न बघा, त्याची मुदत ३० जूनला संपणाऱ्या तिमाहीसाठी ३१ जुलै आणि ३१ मार्चला संपणाऱ्या शेवटच्या तिमाहीसाठी ३१ मे. म्हणजे एप्रिल ते जून पहिली. लिफ्टवाल्याला मेमध्ये पैसे देऊन टीडीएस कापला असेल आणि कॅलेंडरचा आकडा लावला तर तो दुसऱ्या तिमाहीत दिसणार.

तारीख कशीही टाइप करा म्हणे! कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर आपला ४/३, म्हणजे ४ मार्च, तो ३ एप्रिल समजतो आणि एंट्री सरळ पुढच्या आर्थिक वर्षात. १३/३ ला तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीख होतच नाही, नुसता मजकूर म्हणून खान्यात डावीकडे चिकटून राहते आणि फॉर्म्युला एरर देतो.

रिकाम्या ओळींचं थोडक्यात, एक्सेल रिकामा खाना जानेवारी धरतं, गूगल शीट्स डिसेंबर. पैसे न भरलेल्याच्या नावापुढेही आकडा येतो.

आर्थिक वर्षासाठी तारीख आधी ३ महिने मागे न्यायची, मग भागायचं: =राउंडअप(मंथ(ईडेट(ए२,-३))/३,०), फक्त टाइप करताना नावं आणि आकडे इंग्रजीत, ए२ म्हणजे तारखेचा खाना. एप्रिलला १, मार्चला ४ येतो. काल रात्री बाबांच्या शीटला हाच लावला, काकूंची थकबाकी गेली, सकाळी बाबा स्वतः सुधारलेलं बिल घेऊन वर जाऊन आले. तुमच्याकडे कोणी तो मेसेजवाला लावला असेल तर मे-जूनच्या पावत्या आजच काढून बघा.