‘आरपीजी मेकर म्हणजे पोरांचं खेळणं’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या पुण्यातल्या शनिवार-रविवारच्या गेम कार्यशाळेबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: वरून दिसणारा आरपीजी (पात्र होऊन गोष्ट जगायचा) गेम बनवायला शिकायचं म्हणून फी भरली, युनिटी किंवा अनरियल ही गेम बनवायची मोठी सॉफ्टवेअर शिकवतील असं वाटलं, आणि तुमच्या हातात दिलं आरपीजी मेकर एमझेड, म्हणजे खास असेच गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. “हे पोरांचं खेळणं आहे, यात कोडिंग नाही, खऱ्या गेम कंपन्या हे वापरत नाहीत, हे यूट्यूबवर फुकट शिकता आलं असतं.” इथे प्रवेश घ्यायचा विचार करणारे इतर लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आम्ही कुणालाही सॉफ्टवेअर सुचवतो ते त्याचा गेम ऐकून. तुमच्या गेमचं वर्णन तुम्ही रिव्ह्यूतही केलं आहे: किल्ल्यातली भुयारं, गावकऱ्यांशी मराठीत बोलणं, पाळीपाळीने होणारी लढाई, एकट्याने काम, जुना लॅपटॉप. यातली पाळीपाळीची लढाई ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आरपीजी मेकरमध्ये ती तयार मिळते. पात्रांची ताकद, शस्त्रं, औषधं, शत्रू, दुकान, सेव्ह करायची सोय, मेन्यू हे सगळं डेटाबेसमध्ये भरायचं आणि नकाशावर इव्हेंट (कुठे काय घडायचं त्याच्या सूचना) ठेवत जायचे. पहिल्याच आठवड्यात एक दालन, एक गावकरी, एक लढाई एवढं खेळता येतं. हेच गोडो या दुसऱ्या, सगळ्या प्रकारच्या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर नकाशा, चालणं आणि भिंतीला अडणं झटपट होईल, पण पाळी कुणाची, वार किती लागला, पिशवीत काय आहे, सेव्ह फाइलमध्ये काय लिहायचं, हे सगळं तुम्ही जीडीस्क्रिप्ट या त्याच्या कोडिंगच्या भाषेत लिहायचं. ते लिहिण्यात मजा आहे, शिकायलाही खूप मिळतं, पण तेवढ्यात गोष्ट मागे पडते आणि पहिला गेम अर्धवट राहतो. आम्ही हे वारंवार होताना पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यातल्या कितीतरी गोष्टी खरंच चांगल्या असतात.

तुमच्याच बॅचमध्ये एकाला आम्ही पहिल्या दिवसापासून गोडो दिलं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या गेममध्ये लढाई नकाशावरच, धावता धावता, तलवार फिरवत होते. तसलं काही आरपीजी मेकरमध्ये करायचं तर प्लगइनवर प्लगइन (वरून जोडायचे कोडचे तुकडे) चढवावे लागतात आणि सॉफ्टवेअरशीच झगडत बसावं लागतं. मग ते का घ्यायचं?

‘यात कोडिंग नाही’ हे मात्र बरोबर नाही. एमव्ही (2015) आणि एमझेड (2020) या आरपीजी मेकरच्या दोन्ही आवृत्त्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतात आणि त्यांचा कोड उघडून वाचता येतो. चौथ्या सत्रात आपण तोच उघडून लढाईतल्या नुकसानीचं गणित बदललं होतं. स्विच (चालू-बंद खूण) आणि व्हेरिएबल (बदलता आकडा) वापरून एक दार उघडायचं, तेही अटी आणि क्रम यांचंच काम आहे. खऱ्या कंपन्यांबद्दल म्हणाल तर ‘टू द मून’ (2011) हा गेम आरपीजी मेकर एक्सपी या जुन्या आवृत्तीत बनला, ‘ओमोरी’ (2020) एमव्हीमध्ये. ‘अंडरटेल’ गेममेकर या अशाच दुसऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये झाला. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने सी शार्प या भाषेत, तयार इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) न घेता केला, त्याला चार वर्षांहून जास्त लागली. तेवढा वेळ द्यायची तयारी असेल तर आम्ही अडवणार नाही, पण कार्यशाळा तीन महिन्यांची आहे.

आता मराठी संवादांबद्दल, कारण तुमच्या बाबतीत एमव्ही की एमझेड ही निवड खरं तर यावरच ठरली आणि रिव्ह्यूत याचा उल्लेखच नाही. देवनागरी अक्षरं एकामागून एक ठेवून चालत नाहीत. ‘किल्ल्यात’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण फाइलमध्ये ती ‘क’च्या नंतर असते, आणि ‘ल्ल्या’ हे जोडाक्षर बनवायला संगणकाला सगळी अक्षरं एकदम दिसावी लागतात. आरपीजी मेकर एमव्हीची संवादाची खिडकी एकेक अक्षर सुटं काढते, त्यामुळे वेलांट्या सुटतात आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. एमझेडमध्येही टाइप होत येणारा मजकूर असाच तुटतो. पण तिथे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> हे चिन्ह दिलं की ती ओळ एकदम काढली जाते आणि मराठी नीट उमटते. तुम्हाला एमव्ही स्वस्तात मिळत असताना आम्ही एमझेडचा आग्रह धरला तो यासाठी. युनिटीतल्या टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवायच्या साधनात देवनागरी जुळवणं हा आजही वेगळा उद्योग आहे. गोडोत हा प्रश्न 2023 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून सुटला, त्याआधीच्या आवृत्ती 3 मध्ये मराठी लिहिणं जवळपास अशक्य होतं. यूट्यूबवरचे बहुतेक धडे इंग्रजी संवाद धरून केलेले असतात, त्यात हे सापडत नाही. मराठीत गेम लिहायला निघालेल्या माणसाची गोष्ट तुटक्या अक्षरांमुळे वाया जाऊ नये, याची आम्हाला मनापासून काळजी आहे.

अनरियलबद्दल एवढंच: 10 लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर ते काही घेत नाहीत, त्यामुळे अडचण पैशाची नाही. त्याचं बळ त्रिमितीत आहे, आणि तुमच्या लॅपटॉपवर ते नीट उघडलंही नसतं. गोडो मात्र फुकट आणि एमआयटी परवान्याचं आहे (म्हणजे त्याचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो), एमझेड विकत घ्यावं लागतं. हा खर्च आम्ही प्रवेशाआधी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगितला होता.

नोकरीचा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. मोबाइल गेमच्या स्टुडिओत नोकरी हवी असेल तर युनिटी आलंच पाहिजे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभराने मागे घेतलं, त्या गोंधळानंतरही नोकऱ्या तिथेच आहेत. पण ही कार्यशाळा नोकरीसाठी नाही, आपला पहिला आरपीजी पूर्ण करण्यासाठी आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत तेच लिहिलेलं आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्यांना आम्ही स्वतःहून दुसरीकडे जायला सांगतो.

तुमच्या भुयाराच्या नकाशात तिसऱ्या दालनापर्यंत काम झालं आहे आणि म्हाताऱ्या किल्लेदाराचे संवाद बॅचमध्ये सगळ्यांना आवडले होते. ते अर्ध्यावर सोडू नका. उरलेली दोन सत्रं तुम्ही पुढच्या कुठल्याही बॅचमध्ये बसून पूर्ण करू शकता, त्याची वेगळी फी नाही. तरीही गोडोकडेच जायचं ठरलं असेल तर प्रोजेक्टचा फोल्डर घेऊन शनिवारी दुपारी या. चित्रं आणि आवाज यांपैकी तुम्ही स्वतः केलेलं सगळं तिकडे नेता येईल, संवाद वेगळ्या फाइलमध्ये काढून देऊ, आणि लढाईचा पहिला सांगाडा आपण शेजारी बसून लिहू.