फ्रिजचा गॅस महिन्या-महिन्याला संपत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती आधी थोडक्यात सांगतो. तुमचा २६० लिटरचा डबल डोअर फ्रिज आहे. वरच्या फ्रीझरमध्ये आईस्क्रीम दगडासारखं कडक, पण खालच्या कप्प्यात दूध नासायचं. लेखात मी अशा वेळी फ्रिज बंद करून, दारं उघडी टाकून दिवसभर ठेवायला सांगितलं होतं. तो तुम्हाला निव्वळ वेळकाढूपणा वाटला. मेकॅनिक दुपारी आला, गॅस भरला, रात्री फ्रिज गार. मार्चमध्येही त्याने गॅसच भरला होता. 'ज्याला गॅस तपासता येत नाही त्याने सल्ले देऊ नयेत,' असं तुम्ही लिहिलंत. शिवाय जुळे सोलापूरला मुलाच्या बंगल्यातल्या साइड बाय साइड फ्रिजचा आईस मेकर बारीक, पोकळ खडे टाकतो. पाण्याचं प्रेशर बघा म्हटलं, तर 'टाकी गच्चीवर आहे, प्रेशरला काय धाड भरलीय?' असा तुमचा सवाल.

एप्रिलच्या उन्हात घरातलं दूध रोज नासत असेल तर कुणाचंही डोकं फिरेल, त्यामुळे तुमच्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टी गॅसच्या निदानाशी जुळत नाहीत, आणि त्या सोडून दिल्या तर मे महिन्यात तुम्ही तिसऱ्यांदा पैसे द्याल.

पहिली गोष्ट आईस्क्रीमची. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे जमलेला बर्फ स्वतःच वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल बहुतेक मॉडेलमध्ये एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड. तिथला छोटा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि त्यातलाच थोडा वाटा एका पोकळीतून खाली सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःचा गारवा नसतो. गॅस कमी असेल तर कॉइलच पुरती गार होत नाही, म्हणजे आधी फ्रीझर ढिला पडतो. नुसता बर्फ गोठतोय यावर जाऊ नका, पाणी उणे चारलाही गोठतं. आईस्क्रीम मात्र उणे सहा-सातला चमच्याने सहज निघतं आणि उणे १८ च्या आसपासच खरं कडक होतं. तुमचं कडक होतं. म्हणजे गारवा तयार होत होता, खाली पोचत नव्हता. गॅसचा दोष असता तर वरचं आईस्क्रीम आधी मऊ पडलं असतं.

हवा न पोचण्याची कारणं मोजकी आहेत. फ्रीझरमधल्या हवेच्या फटीसमोर मटाराची पिशवी कोंबलेली असते. किंवा पंखा बंद पडतो. फ्रीझरच्या दाराचं बटण बोटाने दाबून धरा, थोड्या वेळात पंख्याचा आवाज यायला हवा (कॉम्प्रेसर चालू असतानाच बघा, एरवी पंखाही थांबलेला असतो). किंवा खाली हवा सोडणारी झडप अडकते. आणि सगळ्यात जास्त वेळा, कॉइलवर बर्फाची भिंत जमून हवेची वाटच बुजते.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला पटायला जड जाईल. गॅस भरल्यावर फ्रिज चालला, मग दोष गॅसचाच, हे सरळ वाटतं. पण गॅस नीट भरायचा तर सर्व्हिस नळी कापायची, जुना फिल्टर काढून नवा बसवायचा, नळ्यांचे सांधे ज्योतीने जोडायचे, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा आणि मग वजन करून गॅस सोडायचा. म्हणजे फ्रिज दोन-तीन तास बंद, दारं बहुतेक उघडी, आणि बाहेर ४२ अंश. तेवढ्या वेळात कॉइलवरचा बर्फ बराचसा वितळून वाट मोकळी होते. मी जे फुकटात करायला सांगितलं तेच त्या दुपारी झालं, वर गॅसचं बिल. फ्रिज रात्री गार झाला तो कशामुळे, हे त्यावरून ठरत नाही. ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं, आणि मार्चच्या वेळी ते ठरलंच आहे.

फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी पंचर आहे. तेव्हा तुमच्याकडे शक्यता दोनच. पंचर असेल तर ते न शोधता गॅस भरणं चूक, कारण महिन्यात तो पुन्हा निघून जाणार. पंचर नसेल तर गॅस भरणंच चूक. मेकॅनिकने गळती कुठे सापडली ते सांगितलं का, साबणाचं पाणी लावून किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन नळ्या तपासल्या का, एवढं त्याला विचारा. उत्तर 'बसल्या बसल्या उडून जातो' असं आलं, तर पुढचं काम त्याला देऊ नका.

पुन्हा खालचा कप्पा कोमट झाला की आधी काय बघायचं ते सांगतो. प्लग काढा. फ्रीझर रिकामा करा, मागच्या पडद्याचे स्क्रू काढा आणि पडदा हळूच पुढे घ्या. गोठलेला असेल तर ओढू नका, क्लिपा तुटतात, आधी तासभर दार उघडं ठेवा. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल दिसेल. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पिठूळ, पातळ, एकसारखं पांढरं असेल तर गॅस व्यवस्थित आहे. पाती दिसतच नाहीत, सगळं मिळून बर्फाची एक लादी झालीय, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली आहे. आणि सुरुवातीच्या दोन-चार वळणांवरच बर्फ, बाकी कॉइल कोरडी किंवा नुसती ओलसर, तर आणि तरच गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक नळी) चोक झाली आहे. पाच मिनिटांचं काम आहे. त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. मेकॅनिकशी वाद घालण्यापेक्षा तो फोटो दाखवणं बरं.

लादी दिसली तर दारं उघडी टाकून ती पूर्ण वितळू द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात आठ-दहा तास पुरतात, थंडीत दिवस जातो. खाली जुने टॉवेल अंथरा. सुरी, स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावायचं नाही. ॲल्युमिनियमच्या नळीला एक भोक पडलं की तेव्हा खरोखर गॅस भरायची वेळ येते, आणि ते भोक नीट बुजवणं अवघड असतं. तळाशी पाणी जायचं भोक असतं, त्यात इंजेक्शनच्या सिरिंजने कोमट पाणी सोडून ते कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतंय ना हे पाहा. ते तुंबलं तर पाणी तिथेच गोठतं आणि लादी खालून वाढत जाते. फ्रिज सुरू केल्यावर छान चालला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तेच झालं, तर दोष बर्फ वितळवणारा हीटर, बायमेटल (गार झाल्यावर जोडला जाणारा स्विच), थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) किंवा टायमर-बोर्ड या चौघांपैकी एकात आहे. म्हणूनच मी 'बंद ठेवा' म्हणतो. दोष गारव्यात आहे की बर्फ वितळवण्यात, हे त्यावरून वेगळं निघतं.

मल्टिमीटर वापरणाऱ्यांसाठी दोन आकडे. १५० वॉटच्या हीटरचा रेझिस्टन्स ३५० ओहमच्या आसपास येतो. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. थर्मल फ्यूजला नेहमी कंटिन्यूइटी दिसायला हवी. तो उडाला असेल तर त्याच रेटिंगचा नवा घाला, वायर जोडून डायरेक्ट करू नका, आग लागू शकते. बायमेटलच्या बाबतीत चांगले चांगले फसतात. तो गार असतानाच जोडलेला असतो. घरातल्या हवेत तपासला तर उघडाच दाखवणार आणि चांगला पार्ट कचऱ्यात जाणार. बारीक बर्फात भरपूर मीठ कालवून त्यात पंधरा मिनिटं ठेवा, मग तपासा.

गॅसबद्दल आणखी एक, आणि ही गंभीर बाब आहे. मागच्या किंवा आतल्या लेबलावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, जवळपास आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊ. घरगुती फ्रिजमध्ये तो साधारण ३० ते ६० ग्रॅमच लागतो, म्हणून पाच-दहा ग्रॅमची चूकही जाणवते आणि वजनकाट्याशिवाय अंदाजाने भरता येत नाही. बंद स्वयंपाकघरात, शेगडी पेटती असताना, नळीत गॅस असताना सांधे जोडायची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. दारं-खिडक्या उघड्या, शेगडी बंद आणि काटा सोबत, हे नसेल तर काम थांबवा. त्याच्या जागी आर-१३४ए हा दुसरा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. कॉम्प्रेसर त्याच्यासाठी बनलेला नसतो.

'पण उन्हाळ्यातच का बिघडतो?' हे तुम्ही विचारलं ते योग्य आहे. लेबलावर क्लायमेट क्लास बघा. 'टी' असेल तर तो फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी तपासलेला असतो, 'एसटी' असेल तर ३८ पर्यंत. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४३ होतं, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात दुपारी त्याहून जास्त. तेव्हा मागे किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, आणि फ्रिजवर चादर-टॉवेलांच्या घड्या नकोत. बाजूचे पत्रे गरम लागतात ते बरोबरच आहे, कंडेन्सरच्या नळ्या त्यांच्या आत असतात. कॉम्प्रेसर चालू असूनही ते गारच राहिले तर काळजी करा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बाटल्यांवर बाटल्या भरून ठेवायची आपली सवय आहे. पण दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ वर आणायला मध्यम फ्रिजला जवळपास तीन तास सलग राबावं लागतं. संध्याकाळी एकदम भरू नका, रात्री झोपताना भरा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या वाचकांनी हे खास वाचावं. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल तर कापसाचे तंतू मागच्या जाळीवर आणि कॉम्प्रेसरच्या कप्प्यात गोधडीसारखे बसतात. मऊ ब्रशने महिन्यातून एकदा काढा. इतर भागांत तीन महिन्यांनी चालेल.

कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी 'टक्' करून बंद होत असेल तर गॅसचा प्रश्नच येत नाही. बहुतेक वेळा व्होल्टेज कमी असतं किंवा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) गेलेला असतो. रिले काढून कानाशी हलवा, आत खुळखुळलं तर जळाला. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला मात्र हा रिले नसतो, तिथे बोर्ड बघावा लागतो.

आता गच्चीवरची टाकी. पाण्याच्या प्रेशरचा हिशेब उंचीवर चालतो, टाकी किती लिटरची आहे त्यावर नाही. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे १४ पीएसआय (दाबाचंच दुसरं माप). नळीवर चालणाऱ्या बहुतेक आईस मेकरना किमान २० पीएसआय लागतात, म्हणजे पाण्याची पातळी फ्रिजपेक्षा १४ मीटर वर हवी. एकमजली बंगल्यात टाकीचा तळ फ्रिजच्या नळीपासून जेमतेम तीन मीटर वर असतो, म्हणजे चार-साडेचार पीएसआय. भिंतीवरच्या आरओची टाकी तर डोक्याएवढ्याच उंचीवर, तिथून दोनही मिळत नाहीत. आईस मेकरचा व्हॉल्व्ह ठरावीक सेकंदच उघडतो. प्रेशर कमी असलं की तेवढ्या सेकंदांत साचा अर्धा भरतो आणि खडे बारीक, पोकळ निघतात.

त्याहून वाईट म्हणजे हे व्हॉल्व्ह नीट मिटायलाही पाण्याचाच दाब वापरतात. दाब कमी पडला की थेंब थेंब गळत राहतं, ते भरण्याच्या नळीच्या तोंडाशी गोठतं आणि एक दिवस बर्फ यायचाच बंद होतो. तसं झालं तर सिरिंजने कोमट पाणी सोडून नळी मोकळी करा, लायटर लावू नका. मग नळीच्या मार्गावर छोटा बूस्टर पंप प्रेशर स्विचसह बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या वरच्या मर्यादेच्या आत ठेवा.

पंप बसवण्याआधी एक चाचणी करा. फ्रिजमागची नळी काढून बादलीत सोडा, धार किती येते बघा. धार चांगली असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाची बारीक जाळी बघा. टाकीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर तिथे क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो. जाळी काढून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवली की साफ होते. त्याच क्षारामुळेही खडे दुधाळ दिसतात आणि ग्लासात वितळल्यावर तळाशी पांढरी भुकटी राहते. ती विषारी नाही. फ्रिजच्या पाण्याचा फिल्टर नवा लावल्यावर पहिल्या दोन-तीन खेपांचा बर्फ टाकून द्या. आणि फ्रीझर उणे १२ च्या वर राहत असेल तर आईस मेकर साचा उलटतच नाही, म्हणून पंपावर खर्च करण्याआधी तेही मोजून घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही, वायरचा डिजिटल घ्या.

तुमच्या फ्रिजच्या लेबलावर गॅसचं नाव काय आहे, आणि पुढच्या वेळी पडद्यामागे लादी दिसते की अर्धी कोरडी कॉइल, एवढं इथेच कळवा. लादी असेल तर कुठला पार्ट मागवायचा ते मॉडेल नंबरवरून सांगतो. कोरडी कॉइल असेल तर मेकॅनिकचं निदान बरोबर असू शकतं, पण मग गॅसच्या आधी त्याला पंचर शोधायला लावा.