घरची बाब आणि पोराच्या कानामागचा डाग

डेकेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं जेवढं कळतं ना, तेवढं शेजाऱ्यांनाही कळत नसेल. तीन वर्षांचं पोर ब्लॉक्स रचता रचता सांगून टाकतं की बाबा आता आमच्याकडे झोपत नाही, आई बाथरूममध्ये रडते. आता ह्याचं काय करायचं? बहुतेक वेळा काहीच नाही, पोराकडे जरा जास्त लक्ष द्यायचं, "हो का रे" म्हणायचं आणि पुढचा ब्लॉक हातात द्यायचा. पण मुलं झोपली की स्टाफमध्ये तेच चघळलं जातं, आणि हीच मंडळी कानामागे निळा डाग दिसला की "जाऊ दे, त्यांची घरची बाब आहे" म्हणून गप्प!! नको तिथे तोंड चालतं आणि बोलायची वेळ आली की प्रायव्हसी आठवते, माझा राग आहे तो ह्यावर.

डागांचंच घ्या. पळणारं पोर पडणारच, गुडघे, नडग्या, कपाळ, तिथे काहीतरी असतंच. पण कान, मान, पोट-पाठ इथले वळ सहसा पडून येत नाहीत आणि जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं तर तो साधा प्रकार समजायचाच नाही. उलट बाजूही आहे, कित्येक बाळांच्या कमरेखाली जन्मापासून निळसर-करडे डाग असतात, ते मार लागल्यासारखेच दिसतात, म्हणून ॲडमिशनच्या वेळीच आईबाबांना विचारून नोंद करून ठेवायची, नाहीतर उगाच भल्या घरावर संशय.

आणि पोराने स्वतःहून काही सांगितलं तर त्याची उलटतपासणी घेऊ नका प्लीज. "काकांनी मारलं का?" असं विचारलं की ते हो म्हणून मोकळं होतं, त्या वयात मोठ्यांना जे हवंय तेच बोलतात मुलं. "कोणाला नाही सांगणार" असं वचनही द्यायचं नाही कारण ते पाळता येणार नाहीये. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ, खाली सही, आणि ज्या एका व्यक्तीकडे ही जबाबदारी दिलेली आहे तिलाच सांगायचं, बास. "आई जरा तशीच आहे" ही आपली मतं रजिस्टरमध्ये कशाला? छडा लावणं हे आपलं काम नाही, त्यासाठी वेगळी माणसं असतात.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १६ मुलाच्या खासगीपणाचं आणि कलम १९ हिंसेपासून संरक्षणाचं, दोन्ही त्याच पोराचे हक्क आहेत हे लोक विसरतात. आईबाबांशीही सरळ बोलावं, अमुक दिसलंय, आम्हाला पुढे कळवावं लागेल, फक्त त्याने पोराचाच धोका वाढणार असेल तर आधी सांगायचं नाही.

रोजचा कस मात्र छोट्या गोष्टीत लागतो. एक पोर दुसऱ्याला चावतं, संध्याकाळी आई दंडावरचे दात बघून विचारते, "कोण चावलं?" चावलं हे सांगायचं, कुठे कसं काय केलं सगळं सांगायचं, नाव नाही सांगायचं. चिडतात, ग्रुपवर मेसेज टाकतात, टाकू देत. आठवडाभरात त्यांचं पोर कोणालातरी चावलेलं असतं आणि तेव्हा नाव गुप्त ठेवा म्हणून तेच मागे लागतात 😄